आजोळच्या दारांवरचा सफेता

आजोळचं घर राजापूर तालुक्यात, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. १९३६ साली बांधलेलं. पणजोबा मुंबईला गोदीत कारकून होते. दारं-खिडक्या रंगवायचं सगळं सामान त्यांनी मुंबईहून बोटीने जैतापूरला पाठवलं आणि तिथून ते बैलगाडीने घरी आलं, हे आजी फार कौतुकाने सांगायची. जवसाचं तेल, टर्पेंटाइन आणि सफेत्याचे डबे. 'सफेता' हा तिचा शब्द, आजचे रंगारी 'सफेदा' म्हणतात, म्हणजे शिशापासून केलेला पांढरा रंग. वाडीतल्या बाकी घरांना चुना आणि काव, आमच्या दारांना मात्र पांढराशुभ्र तेलरंग. नंतर त्यावर आकाशी रंग चढला, मग क्रीम, नव्वदच्या दशकात हिरवा. तळाशी पणजोबांचा पांढरा तसाच राहिला. त्या दारांना पाठ टेकून मी लहानपणी आंबे खाल्ले आहेत.

२०२३ च्या एप्रिलात मामांनी दारं सागवानाच्या मूळ रंगात आणायचं ठरवलं. मीच त्यांना फोटो पाठवले होते, जुन्या वाड्यांच्या उघड्या लाकडाचे. आग्रह माझा होता, हे आधीच सांगून टाकते. माझं काम घरून चालण्यासारखं होतं, लेक वीस महिन्यांची. तिला मोकळं अंगण मिळेल, आंबे मिळतील, म्हणून आम्ही दोघी मेअखेरपर्यंत राहायला गेलो. सात आठवडे.

रंगाऱ्यांना वाडीत सगळे 'काका' म्हणतात, मीही तेच म्हणते. साठीला आलेला, शांत, अतिशय नीट काम करणारा माणूस. सकाळी आठला यायचे. दार बिजागरीवरून उतरवून पडवीत दोन पिंपांवर आडवं टाकायचं, ब्लो लॅम्पच्या ज्योतीने रंग फुगवायचा आणि तो मऊ असतानाच पत्र्याने खरवडायचा. कोपरे आणि नक्षी राहिली की ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर. दुपारपर्यंत पडवीभर पांढरी भुकटी पसरलेली असे, अगदी पिठाच्या गिरणीत असते तशी. काकांच्या भुवया पांढऱ्या, बनियन पांढरं. संध्याकाळी मामी केरसुणीने पडवी झाडायची आणि केर पागोळीखाली लोटायची. तिथेच पुढे अळूचा वाफा.

लेक दिवसभर तिथेच असायची. रंगाच्या पापुद्र्यांचे तुकडे तिने वाटीत गोळा केलेले मला आठवतात. "बघ, फुलं," म्हणाली होती. एक तुकडा तोंडातून काढून मी टाकला, तोंड पुसलं आणि पुन्हा लॅपटॉपसमोर बसले. जुन्या शिशाच्या रंगाला किंचित गोडसर चव असते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

मेच्या मध्यापासून ती बिनसली. आधी भूक गेली. मग शौचाला तीन-तीन दिवस होईना, आणि झालं की रडून घर डोक्यावर घ्यायची. रात्री झोप नाही. दिवसा कुणी हात लावला तरी चिडायची. तोपर्यंत दोन-दोन शब्दांची वाक्यं बोलू लागलेली पोर पुन्हा नुसतं बोट दाखवून मागू लागली. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी जंताचं औषध दिलं, "हवापालट झालाय, दात येतायत" म्हणाले. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं.

जूनमध्ये पुण्याला परतल्यावर आमच्या बालरोगतज्ज्ञांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.१. लोहाचं औषध सुरू झालं. पाच आठवड्यांनी पुन्हा तपासलं तर ८.४. एवढं औषध पोटात जाऊन हिमोग्लोबिन हललंही नाही, म्हणून त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात सुरमा किंवा काजळ घालता का? बाहेरून आणलेलं भस्म, गुटी, काढा? हळद कुठली? पितळेच्या भांड्यांना कल्हई कोण करतं? घरात कुणी बॅटरीच्या किंवा सोल्डरिंगच्या कामात आहे का? आणि मग, "गेल्या तीन महिन्यांत घरात कुठे जुना रंग काढलाय?"

मी पडवी, ब्लो लॅम्प, भुकटी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

शिशासाठी रक्त वेगळं घेतात. धातूंच्या तपासणीची निळ्या झाकणाची नळी असते, आणि सुई टोचण्याआधी कातडी साबणपाण्याने खळखळून धुवावी लागते, नाहीतर बोटावरची धूळच आकडा फुगवते. बोटाच्या टोकातून नाही, शिरेतूनच. नमुना मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेला. चौथ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट आला. रक्ताच्या डेसिलिटरला, म्हणजे शंभर मिलिलिटरला, २४ मायक्रोग्रॅम शिसं.

आकडा मोठा की लहान हे मला कळेना, कारण शेजारी छापलेली 'सामान्य पातळी' हीच मुळात फसवी गोष्ट आहे. शिशाची शरीराला कसलीच गरज नाही. लोह हवं, जस्त हवं, तांबं हवं, शिसं नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे की ५ किंवा त्याहून जास्त निघालं तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि ते बंद करा. अमेरिकेत हाच आकडा आधी १० होता, २०१२ मध्ये ५ झाला, २०२१ मध्ये ३.५. अभ्यास जसजसा खोल गेला तसतसा आकडा खाली आला, कारण ज्याच्याखाली मुलाचा मेंदू सुरक्षित आहे असं म्हणता येईल अशी पातळी सापडलेलीच नाही. डॉक्टरांनी हे मला कागदावर रेघा मारून समजावलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती वाटी होती, फुलांची.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती प्रत्येक आईला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतं, लहान मुलात ते निम्म्यापर्यंत जातं. आणि अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर आतडं शिसं आणखी अधाशासारखं घेतं. शिसं उलट रक्त तयार होण्याच्या कामातच अडथळा आणतं. म्हणजे रक्त कमी म्हणून शिसं जास्त, आणि शिसं जास्त म्हणून रक्त आणखी कमी. आपल्याकडे निम्म्याहून अधिक लहान मुलांच्या अंगात रक्त कमी असताना हे चक्र काय करत असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

औषध काय? याचं उत्तर ऐकून मी आधी चिडले. शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं आहेत, पण ती साधारणपणे ४५ च्या वर देतात. त्याखाली त्यांचा उपयोग कमी आणि त्रास जास्त. २४ ला उपाय एकच: मूळ बंद करा, लोह आणि कॅल्शियम द्या, वेळेवर जेवू घाला, कारण रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं, आणि महिन्याने पुन्हा तपासा. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येऊ शकतं, पण काही भाग हाडांत जाऊन बसतो आणि तिथून वर्षानुवर्षं थोडाथोडा परत येत राहतो. बोलणं मागे गेलं होतं ते परत येईल का, या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "येईल असं वाटतं. पण मी शब्द देणार नाही." त्यांनी खोटा धीर दिला नाही याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे.

मूळ बंद करायचं तर ते नक्की कुठलं हे आधी कळायला हवं. हळद तपासायला दिली, कारण शिशाचं क्रोमेट हे पिवळं रंगद्रव्य घातलेली पिवळीजर्द हळद हेही शिशाचं एक नेहमीचं कारण. ती स्वच्छ निघाली. कल्हईची भांडी बाजूला काढली. देवघरातला शेंदूर काढला. हे लिहिताना जपून लिहिते आहे, कारण आमच्या घरात शनिवारी मारुतीला शेंदूर चढतो, मीही चढवला आहे. पण पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचाच एक ऑक्साइड, हे खरं आहे. सफेता आणि शेंदूर ही एकाच धातूची भावंडं. मोठ्या माणसाने देवाला लावून हात धुणं वेगळं, आणि त्याच बोटाने लेकराच्या कपाळाला टिळा लावणं वेगळं. मामींनी काही न बोलता ती डबी वरच्या फळीवर ठेवली.

आणि मग दारं. माझा मावसभाऊ कोल्हापूरला महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. ऑगस्टमध्ये तो माझ्याबरोबर आजोळी आला. येताना त्याने सोडियम सल्फाइडचं पातळ द्रावण एका गडद बाटलीत आणलं होतं, आणि हातमोजे. अजून न खरवडलेलं माजघराचं दार त्याने निवडलं. धारदार पात्याने रंगावर तिरपी खाच मारली, पेन्सिल तासावी तशी, म्हणजे एकाखाली एक सगळे थर उघडे पडावेत. नखाएवढ्या त्या खाचेत चार पट्टे दिसत होते. वर हिरवा, मग क्रीम, आकाशी, आणि लाकडाला चिकटून पांढरा, सगळ्यांत जाड. त्याने ड्रॉपरने एक थेंब सोडला. कुजक्या अंड्याचा वास आला. मी मनात आकडे मोजत होते. दहाच्या आत तळाचा पांढरा पट्टा तपकिरी झाला आणि मग काळा. बाकीचे थर तसेच होते, फक्त हिरव्याची कड थोडी मळकट झाली होती.

मामा वाकून बघत होते. "आजोबांनी हौसेने आणलेला रंग," एवढंच म्हणाले आणि ओटीवर जाऊन बसले.

भावाने सांगितलं की शिशाचा पांढरा रंग गंधकाच्या संपर्कात आला की त्याचं काळं सल्फाइड होतं. जुन्या लघुचित्रांतले गोरे चेहरे आणि पांढरे अंगरखे काळवंडलेले दिसतात, तेही यामुळेच. पण त्या थेंबावरून शिसं आहे एवढंच कळतं, किती आहे ते नाही. म्हणून खरवडलेले तुकडे पिशव्यांत घालून, थरांप्रमाणे शक्य तेवढे वेगळे करून, प्रयोगशाळेत पाठवले. पांढऱ्याच्या नमुन्यात ९४,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), म्हणजे वजनाच्या ९.४ टक्के शिसं, आणि त्यातही वरचे थर थोडेफार मिसळलेले होते. हिरव्यात ३,२००. हा हिरवा मी शाळेत असताना दिलेला. त्या काळच्या हिरव्या-पिवळ्या तेलरंगांत शिशाचं क्रोमेट सर्रास असायचं. त्यामुळे आपलं घर पणजोबांच्या काळातलं नाही, नव्वदमधलं आहे, म्हणून कुणी निश्चिंत राहू नये.

भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे. हे नियम १ नोव्हेंबर २०१६ ला निघाले आणि वर्षभराने लागू झाले. म्हणजे आमच्या दाराचा तळचा थर मर्यादेच्या हजारपटीहून अधिक होता. नियम चांगला आहे, हवाच होता. पण तो नवीन डब्यातल्या रंगाला लागू आहे. भिंतीवर, गजांवर, पाळण्यांवर, शाळेच्या बाकांवर आधीच बसलेल्या रंगाबद्दल तो काहीच म्हणत नाही, आणि तो काढणाऱ्या माणसाबद्दल तर नाहीच.

मग मी वाचत सुटले. लेक झोपल्यावर रोज. सफेता करायची जुनी डच रीत वाचून मी थक्क झाले. शिशाच्या पट्ट्यांची गुंडाळी मातीच्या मडक्यात ठेवायची, तळाशी व्हिनेगर, आणि अशी शेकडो मडकी घोड्याच्या लिदीत पुरून खोली बंद करायची. लिदीच्या उबेने व्हिनेगरची वाफ होते, लिदीतून कर्बवायू निघतो, आणि काही महिन्यांनी खोली उघडली की करडं शिसं पांढऱ्या पापुद्र्यांनी झाकलेलं असतं. ते पापुद्रे झटकायचं, दळायचं काम करणारी माणसं पोटातल्या कळांनी गडबडा लोळत. 'रंगाऱ्याची पोटकळ' असं त्या दुखण्याला नावच पडलं होतं युरोपात. माहीत नव्हतं असं कुणाला म्हणताच येत नाही. तरी रंग खपत राहिला, कारण रंग म्हणून तो खरंच उत्तम होता. जवसाच्या तेलाशी त्याचा साबणासारखा संयोग होतो, थर लवचीक राहतो, लाकूड फुगलं-आकसलं तरी तडकत नाही, खाऱ्या हवेत टिकतो. पणजोबांनी चांगलीच वस्तू निवडली होती, त्यांना माहीत होतं तेवढ्यात.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची हकिगत तर मला आमचीच वाटली. तिथली घरं लाकडी, पुढे लांब व्हरांडा, त्याला रंगवलेला कठडा. कडक उन्हाने पांढऱ्या रंगाचं पीठ व्हायचं आणि पोरं कठड्याला धरून खेळायची, बोटं तोंडात घालायची. लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९०४ मध्ये लिहून ठेवलं की मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचं मूळ हे कठडे आणि भिंती आहेत. त्यांना लोकांनी आणि रंगवाल्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला. क्वीन्सलँडमध्ये कायदा व्हायला १९२२ उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने करार केला होता की घरांच्या आतल्या रंगकामात सफेता वापरू नये, आणि अशा कामावर अठरा वर्षांखालची मुलं आणि बायका लावू नयेत. हिंदुस्थान त्या संघटनेचा पहिल्यापासूनचा सदस्य, पण या करारावर आपली मान्यता कधी पडलीच नाही. आमच्या दारांना तो रंग लागला तो करार झाल्यावर पंधरा वर्षांनी.

त्या पंधरा वर्षांचं मला फार वाईट वाटतं. तोवर जस्ताचा पांढरा होता, टायटॅनियमचा पांढराही बाजारात आला होता. आज जवळजवळ सगळ्या पांढऱ्या रंगात टायटॅनियमच असतं, आणि ते ज्या इल्मेनाइट खनिजापासून काढतात ते आमच्याच रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत पडलेलं असतं. ती काळी वाळू पायांना चिकटवून घरी यायचो आम्ही.

आता काकांबद्दल.

लेकीचा रिपोर्ट आल्यावर माझ्या मनात सगळ्यात आधी काकाच यायला हवे होते. प्रत्यक्षात ते दोन आठवड्यांनी आले, आणि त्याची मला लाज वाटते. आम्ही सात आठवडे त्या भुकटीशेजारी राहिलो, ते तीस वर्षं त्या भुकटीतच राहिले आहेत. मी त्यांना रक्त तपासायचं म्हटलं तर आधी हसले. "ताई, आम्हाला सवय आहे." मग बोलता बोलता सांगितलं की पोटात कळ येते अधूनमधून, दोन-दोन दिवस बसवत नाही, पित्त आहे म्हणून सोडा घेतात. हात लवकर दमतात. ब्रश वर धरून छत रंगवायचं काम गेल्या दोन वर्षांत त्यांनी सोडलं होतं, मुलगा करतो. मी खूप विनवलं. मामी त्यांच्या घरी जाऊन वहिनींशी बोलल्या, तेव्हा कुठे ते तयार झाले.

काकांचा आकडा ४१ आला. रोज संध्याकाळी ते त्याच कपड्यांनी घरी जात, नातू धावत येऊन गळ्यात पडे, आणि वहिनी ते कपडे सगळ्यांच्या कपड्यांबरोबर धूत. नातवाचंही तपासलं. ९.

लेकीच्या आकड्याने मी घाबरले होते. या दोन आकड्यांचा मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते समजेना. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या परिशिष्टात शिशाची विषबाधा हा अधिसूचित रोग होता. कारखान्यातल्या कामगाराला झाला तर डॉक्टरने कळवायचा, मालकाने दखल घ्यायची. वाडीवाडीत पिशवीत ब्रश घालून फिरणारा रंगारी कुठल्या कारखान्यात मोडतो? त्याचा मालक मी. आठवड्याला पैसे मी देत होते, आणि धूळ त्याच्या छातीत जात होती. मला जे कळलं ते त्याला सांगणं, तपासणीचे पैसे भरणं, काम बंद ठेवलं त्या दिवसांची मजुरी देणं, एवढं तरी माझ्या हातात होतं. ते आम्ही केलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी काकांना खरवडण्याचं काम पूर्ण थांबवायला सांगितलं.

राहिलेली दारं आणि घराची सफाई सप्टेंबर ते डिसेंबर चालली. काय केलं ते जरा सविस्तर लिहिते, कारण मला तेव्हा मराठीत असं कुठे लिहिलेलं मिळालं नाही.

पहिलं म्हणजे, जिथे रंग घट्ट बसलेला आहे तिथे हात लावला नाही. शांत बसलेला जुना थर नव्या रंगाखाली झाकून ठेवणं हे बहुतेक वेळा काढण्यापेक्षा चांगलं. सागवानाचा मूळ रंग बघायचा माझा हट्ट मी तिथेच सोडला. घासणाऱ्या जागा मात्र सोडून चालत नाहीत. खिडकीची फळी चौकटीवर घासते, दार उंबऱ्यावर घासतं, आणि प्रत्येक उघडझापीला थोडी भुकटी पडते. तिथे रंग काढावाच लागला. कोरडा घासायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही. जाळला की शिशाचा धूर होतो आणि तो धूळीपेक्षाही सरळ रक्तात जातो. फवाऱ्याच्या बाटलीने ओला करायचा, ओलाच ठेवायचा, आणि पत्र्याने हळूहळू काढायचा. खाली जाड प्लास्टिक, चारी कडांनी चिकटपट्टी. काढलेला लगदा दिवसाच्या दिवस पिशवीत बांधायचा. तोंडाला फडका नाही, घट्ट बसणारा चांगल्या प्रतीचा मास्क. कामाचे कपडे तिथेच उतरवून वेगळे धुवायचे, जेवणाआधी हात-तोंड आणि मिशा साबणाने धुवायच्या. काकांनी स्वतः हात लावला नाही. ते लांब खुर्चीवर बसून मुलाला सांगत होते, आणि मुलाने मास्क खाली ओढला की ओरडत होते.

घरात केरसुणी बंद. आधी ओल्या फडक्याने पुसायचं, दोन बादल्या, एक साबणाची एक साध्या पाण्याची, फडका प्रत्येक खोलीला नवा. छताच्या वाशांवर, गजांच्या आडव्या पट्ट्यांवर, देवघराच्या कोनाड्यात, झोपाळ्याच्या कड्यांत, जिथे बोट फिरवावं तिथे बारीक पांढरट थर होता. ओटीचं सारवण उकरून नवं केलं.

पागोळीखालची माती हे माझ्या कधीच लक्षात आलं नसतं, ते भावाने सांगितलं. ऐंशी-नव्वद पावसाळे भिंतीवरून आणि खिडक्यांवरून धुऊन आलेला रंग तिथेच साठलेला, त्यात मामींचा रोजचा केर. शिसं कुजत नाही, विरत नाही, पडल्या जागी राहतं. वीतभर माती काढून, ताडपत्रीत बांधून, मुलांच्या वाटेपासून लांब खड्ड्यात घातली आणि त्या जागी जांभ्याचे चिरे बसवले. अळू उपटून टाकलं. त्याच अळूचं फतफतं आम्ही सात आठवडे चवीने खाल्लं होतं. मामी वाफ्यापाशी बराच वेळ उभ्या होत्या.

माळा साफ करताना एक डबा सापडला. गंजलेला, दोन किलोंचा असावा, झाकणावर उठावदार इंग्रजी अक्षरं: 'जेन्युइन व्हाइट लेड', आणि खाली विलायतेतल्या गावाचं नाव. 'अस्सल' हा शब्द तेव्हा विकला जात होता. झाकण उघडलं नाही, पण उचलताना हात खाली गेला. एवढ्याशा डब्याला एवढं वजन, तेव्हा शिसं म्हणजे काय ते हाताला कळलं. तेव्हाच्या घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत रंगाचे टाकाऊ डबे घरगुती धोकादायक कचऱ्यात धरले होते आणि ते वेगळे गोळा करायला सांगितलं होतं. प्रत्यक्षात गावात तो घेऊन जाणारं कुणी नाही. आम्ही डबा आणि दारांचे लगदे प्लास्टिकच्या पिंपात बंद करून त्यावर तेलरंगाने मराठीत लिहिलं: 'शिसे. उघडू नये. विहिरीजवळ टाकू नये.' पिंप गोठ्याच्या मागच्या खोलीत कुलपात आहे. ते कुणाच्या हवाली करायचं हा प्रश्न मी अजून सोडलेला नाही, ग्रामपंचायतीला दोन पत्रं देऊन झाली आहेत.

युनिसेफने २०२० मध्ये जो अहवाल काढला त्यात भारतात साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात ५ च्या वर शिसं असल्याचा अंदाज आहे. ही सगळी काही सफेत्याची मुलं नाहीत. त्यात बॅटऱ्या फोडणाऱ्यांच्या वस्त्या आहेत, मसाले आहेत, भांडी आहेत. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं, तेव्हा अनेकांना वाटलं की प्रश्न मिटला. शिशाच्या विषबाधेवर काम करणारे बंगळूरूचे डॉ. थुप्पिल वेंकटेश यांच्यासारखी माणसं तेव्हापासून ओरडून सांगत आहेत की मिटलेला नाही. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांपैकी बहुतेकांनी एकाही मुलाचं शिसं तपासलेलं नव्हतं. यात त्यांचा एकट्यांचा दोष नाही, पण हिमोग्लोबिन औषधाने हलत नसेल तर हा एक प्रश्न विचारा, असं मी आता भेटेल त्या डॉक्टरला हात जोडून सांगते.

लेकीचे आकडे वहीत लिहिलेले आहेत. जुलैत २४, ऑगस्टअखेर १८, नोव्हेंबरात १२, पुढच्या मार्चला ८, आणि त्यानंतरच्या ऑक्टोबरात ५.२. हिमोग्लोबिन अकराच्या वर आलं. नोव्हेंबरात एका सकाळी तिने सलग सहा शब्दांचं वाक्य म्हटलं, दुधावरची साय नको म्हणून. मी ते तारखेसकट आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवलंय. शाळेत ती आता नीट आहे, अक्षरं ओळखते. जरा लवकर चिडते. ते शिशामुळे की स्वभावाने, हे कोण सांगणार? मी त्याचा विचार करायचं ठरवून थांबवते, आणि तो तरीही येतो.

काका ४१ वरून २९ वर आले. हाडांत तीस वर्षांचं साठलेलं आहे, त्यामुळे उतार हळूच असणार असं डॉक्टर म्हणाले. नातू ४ वर आहे. काका आता फक्त नवीन लाकडाचं आणि हात फिरवायचं काम घेतात. खरवडण्याचं मुलगा घेतो, ओलं करून. ओल्या कामाला वेळ दीडपट लागतो, म्हणून मजुरीही दीडपट सांगतो, आणि गिऱ्हाइकाने का विचारलं तर काका त्यांना माझा फोन नंबर देतात. आठवड्यातून एखादा फोन येतो. परवा हर्णैहून एक बाई बोलत होत्या, घरात दोन जुळी, दीड वर्षांची, आणि पडवीत कालच काम सुरू झालेलं. मी त्यांना म्हटलं, आधी काम थांबवा, मुलांना दुसरीकडे न्या, मग आपण बोलू.

आमची माळ्याच्या चार खिडक्यांची कामं राहिली आहेत. दिवाळीला सगळी भाचरं यायच्या आत उरकायची आहेत. काकांच्या मुलाने सोमवारपासून येतो म्हणून सांगितलंय. फवाऱ्याच्या नव्या बाटल्या मी इथून घेऊन जाणार आहे.